मिठाच्या बर्फावरचं शून्य

त्या सकाळी रंगाच्या टबात चाळीस किलो सूत बुडायचं होतं आणि पाणी पन्नास अंशांवर आहे, असं मी मोठ्यानं वाचलं. ऐकायला हजर होते ते असे: माझे वडील, म्हणजे आप्पा, रंगमास्तर नरसय्या, टबाच्या दुसऱ्या टोकाला दांडी धरून उभा असलेला मदतनीस ईरण्णा, आणि चहाची किटली घेऊन दारात थांबलेली आई. मला धरून पाच माणसं. त्यांतल्या एकालाच ठाऊक होतं की आकडा चुकीचा आहे, आणि ते माणूस मी नव्हते. मला आकडे नीट मांडायची सवय आहे. गॅसची टाकी किती दिवस गेली, दुधाला किती उकळ्या आल्या, हेसुद्धा माझ्याकडून मोजलं जातं. त्यामुळे तो पन्नास कुठून आला हे आधी सांगते. मग पुढचं.

आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये आप्पांचा रंगखाना. आप्पा मूळचे करकंबचे. सोलापुरात येऊन ते एका गिरणीत सुताची वजनं लिहायला लागले होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दोन टब, एक भट्टी आणि नरसय्या मास्तर एवढ्यावर रंगाचं काम सुरू केलं. आजूबाजूच्या मागांवर चादरी आणि टॉवेल विणले जायचे. त्यांचं पांढरं सूत आट्या, म्हणजे लडी, बांधून आमच्याकडे यायचं आणि लाल, हिरवं, मोरपंखी होऊन परत जायचं. मागांचा खटखटाट दिवसभर इतका भरून असायचा की तो ऐकूच यायचा नाही. वीज गेली की मात्र सगळे एकदम बोलायचे थांबायचे, कारण आपण किती ओरडून बोलत होतो ते कळायचं. शेडमधून कॉस्टिक सोड्याचा आणि रंग विरघळवायच्या हायड्रोचा कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. आई म्हणायची की या वासापुढे कसलीच फोडणी टिकत नाही, म्हणून ती लसूण दुप्पट घालायची. दुपारी सगळे शेडच्या सावलीत एकत्र जेवायला बसायचे. आमची बाजरीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताक. मास्तरांच्या डब्यात चिंचेचा भात. ते त्यातला एक घास माझ्यासाठी डब्याच्या झाकणावर काढून ठेवायचे. ईरण्णा अक्कलकोटकडचा. तो कानडीत भाकरीला नावं ठेवायचा आणि चार भाकऱ्या खायचा.

मास्तर पाणी हातानं मोजायचे. उजव्या हाताची बोटं उलटी करून, नखांची बाजू खाली धरून ते पाण्यात घालायचे आणि तेलुगूत मोजायचे: ओकटी, रेंडू, मूडू. सोसेनासं झालं की हात बाहेर. ज्या आकड्यावर हात निघाला ते त्या पाण्याचं नाव. दहाचं पाणी म्हणजे नुसतं धुवायला. सहाचं पाणी लाल आणि किरमिजी रंगाला. तिनाचं पाणी हिरव्याला. एकाचं पाणी साबणाच्या उकळीआधीचं. त्यात ते मोजायचेच नाहीत, नुसतं बोट टेकवून "आलं" म्हणायचे. मी त्यांना एकदा विचारलं होतं की गरम पाण्याला लहान आकडा कसा. ते म्हणाले, "बिड्डा, पाणी जेवढं मोठं, तेवढा माणूस लहान. मी माणूस मोजतो." बिड्डा म्हणजे पोरी. घरात मला निमा म्हणायचे, रागावले की निमे; बिड्डा म्हणणारे ते एकटेच.

त्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्यानं लाल सुताच्या दोन खेपा परत पाठवल्या. आधीच्या मालाशी छटा जुळत नव्हती. कारण आजही मला खात्रीनं सांगता येत नाही. विहीर आटली होती आणि आम्ही टँकरचं पाणी वापरत होतो, ते असेल. रंगाचा डबा नवा होता, तेही असेल. पण मास्तरांना साखरेचा आजार झाला होता आणि पायांना मुंग्या येतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. आप्पांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. जेवताना ते आईला म्हणाले, "पायाला कळंना झालंय, तर हाताला तरी काय कळतंय? मास्तरच्या सहाचं आता आठ झालं असंल न्हाय तर चार. कुणाला म्हाइत?" आई म्हणाली, "मग इचारा की त्यांनाच." आप्पा म्हणाले, "काय इचारू? तुमचा हात मेला का म्हणून?" म्हणजे काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. मास्तरांचा हात गेला तर मास्तर टबावरून गेले. आट्या पिळायला आणि वाळत घालायला ईरण्णासारखी दहा माणसं मिळत होती. मास्तर मोजायचे म्हणून मास्तर होते.

आप्पांनी भंगारवाल्याकडून बंद गिरणीतला एक तापमापक आणला. पाऱ्याची लांब काचेची नळी, पण वर्षानुवर्षं कॉस्टिकमध्ये बुडून तिच्यावरच्या रेघा आणि आकडे साफ धुऊन गेलेले. पारा चढत होता, उतरत होता, पण कुठपर्यंत ते सांगणारं काही उरलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "फुकट गेलं." मी म्हणाले, "द्या इकडं. आकडे मी घालते."

हे धाडस माझ्यात आमच्या विज्ञानाच्या बाईंमुळे आलं होतं. त्या धडा बाजूला ठेवून गोष्टी सांगायच्या. तापमापकाच्या धड्याला त्यांनी सांगितलं होतं की नळीत द्रव भरणं लोकांना लवकर जमलं, पण मोजायला सुरुवात कुठून करायची यावर कुणाचं एकमत होईना. कुणी म्हणे लोणी वितळतं ती एक खूण धरा. "सोलापुरात ते चैत्रापासून वितळलेलंच असतं," बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला. कुणी अळशीचं तेल भरून माणसाच्या अंगाच्या उबेला बारा म्हटलं. फॅरेनहाइटनं बर्फात क्षार कालवून जो गारठा मिळाला त्याला शून्य धरलं आणि अंगाच्या उबेला शहाण्णव. सेल्सिअसनं तर मोजपट्टी उलटी केली होती: उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर. त्याच्यामागे ती सरळ केली गेली. तेव्हा मला मास्तरांचं एकाचं पाणी आणि दहाचं पाणी आठवलं आणि मी हात वर करून सांगितलंही की आमच्याकडे अजून उलटीच आहे. बाई हसल्या नाहीत. "मग जपून ठेवा," असं काहीतरी म्हणाल्या. वहीत मी सगळं उतरून घेतलं होतं, क्षाराच्या बर्फासकट. सुवाच्य अक्षरात. वाचलेलं आणि कळलेलं यांत किती अंतर असतं याचा हिशोब त्या वहीत नव्हता.

दोन खुणा हव्या होत्या. वितळत्या बर्फाची आणि उकळत्या पाण्याची. मधले शंभर भाग मग पट्टीनं पाडता येतात. उकळतं पाणी घरचंच. चुलीवरच्या पातेल्यात नळी धरली आणि पारा थांबला तिथे काळा दोरा बांधला. (सोलापूर उंचावर असल्यामुळे इथे पाणी शंभराच्या दीडेक अंश आधीच उकळतं, हे मला फार पुढे कळलं. ती चूक लहान होती. तीही इथे नोंदवते.) बर्फ मात्र घरी नसायचा. फ्रिज आमच्या गल्लीत एकाच घरी होता आणि त्या घराशी आईचं बोलणं नव्हतं.

बर्फ रविवारी मिळाला. मामा आले होते आणि आंब्याचं आइस्क्रीम करायचं ठरलं होतं. लाकडी बादलीचा पॉट भाड्यानं आणला, कारखान्यातून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणली, ती पाट्याच्या वरवंट्यानं फोडली आणि थरावर थर खडामीठ टाकत बादली भरली. दांडा आळीपाळीनं सगळ्यांनी फिरवला. मामांनी मोजून पन्नास फेरे मारले आणि शंभर सांगितले. आइस्क्रीम झालं, वाट्या चाटून झाल्या, आणि मला आठवलं की खूण राहिली. गोणपाटात बर्फाचा खडाही उरला नव्हता. बादलीत मात्र डब्याभोवतीचा चुरा होता, अर्धं पाणी आणि अर्धा बर्फ, म्हणजे पुस्तकात लिहिल्यासारखाच वितळता. मीठ घालताना मी पाहिलं होतं. पण मीठ कशाला, तर बर्फ टिकायला, असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे. मीही तसंच समजत होते. मी नळी त्यात उभी केली. पारा खाली, खाली, पार नळीच्या तळच्या फुग्याच्या तोंडाशी जेमतेम दिसेल इतका गेला. मामा म्हणाले, "लई गार हाय की गं." मी अभिमानानं म्हणाले, "शून्य आहे, मामा." आणि दुसरा दोरा बांधला.

दोन दोऱ्यांमधलं अंतर एकवीस सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर भरलं. आलेखाच्या कागदाची पट्टी कापून मी शंभर भाग पाडले, दर दहाव्याला लांब रेघ, दर पाचव्याला मध्यम. पट्टी आणि नळी एका लाकडी चिपेवर बसवली, नुसता फुगा खाली मोकळा ठेवला. वार्निशचे दोन हात दिले. आप्पांनी ती हातात घेऊन खूप वेळ फिरवून पाहिली. रंगाच्या डब्यासोबत आलेल्या कार्डावर लालसाठी पन्नास अंश लिहिलेलं होतं. ते इतके दिवस कुणी वाचलं नव्हतं.

मग ती सकाळ. मास्तरांनी हात घातला, सहा मोजले, काढला. "आलं. सूत सोडा." आप्पा म्हणाले, "थांबा जरा, मास्तर. निमे, बघ." मी नळी बुडवली. पंचावन्न. कार्डावर पन्नास. आप्पांनी गार पाण्याची बादली उचलून टबात ओतली. आणखी एक. मी परत वाचलं. पन्नास. मास्तरांनी वाकून हात घातला. ओकटी, रेंडू, मूडू. सहा झाले, सात झाले. आई किटली धरून दारातच थांबली. दहाला त्यांनी हात काढला.

"हे दहाचं पाणी हाय," ते म्हणाले. "ह्यात रंग बसणार न्हाय. वर वर बसंल आणि उठून जाईल."

"काचेवर पन्नास हाय, मास्तर."

"काचेला काय कळतंय?"

"काचेला साखर झालेली न्हाय," आप्पा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाही ते लागलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी खाली बघत म्हटलं. "तुमी हात काढा आता. ईरण्णा, सूत सोड."

मास्तरांचा हात तर आधीच बाहेर होता. तो त्यांनी धोतराला पुसला. ईरण्णानं दांडी खाली केली. सूत बुडलं. मास्तरांनी खुंटीवरचा सदरा घेतला, डबा घेतला आणि ते निघून गेले. मी टबाशी उभी होते, पट्टी हातात धरून. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. माझा आकडा खरा ठरला याचा आनंद होता.

रंग बसला नाही. साबणाच्या उकळीत निम्मा लाल उतरून पाण्यात आला आणि आट्या कुठे गुलाबी, कुठे विटकरी, अशा डागाळून निघाल्या. आप्पांनी हायड्रोला दोष दिला, टँकरला दिला. मास्तर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं मला चटणीचा डबा देऊन त्यांच्या घरी पाठवलं. "नुसतं बघून ये," ती म्हणाली. मी नळीही बरोबर घेतली. त्यांना पट्टी नीट समजावून सांगावी, म्हणजे ते परत येतील, असं माझ्या डोक्यात होतं. पंधरा वर्षांचं डोकं ते.

ते उंबऱ्यावर बसले होते. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीकाकूंनी, मला पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मी बर्फ, उकळी, शंभर भाग सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. चेष्टा केली नाही. मग विचारलं, "माणसाचं किती असतं ह्यात?"

"सदतीस."

"मला ताप हाय का, बघ." त्यांनी सदऱ्याचं बटण काढून नळीचा फुगा काखेत धरला. चीप पुढे आलेली, एखाद्या सुतारानं फूटपट्टी धरावी तशी. आत काकू हसल्या. मी आकडे मोजत थांबले. पारा त्रेचाळीसवर उभा राहिला.

मी नळी पुसून माझ्या काखेत धरली. त्रेचाळीस. काकूंना बोलावून त्यांच्या काखेत दिली. त्रेचाळीसला एक रेघ कमी.

"मग?" मास्तर म्हणाले. "तिघंबी मेलो का?"

मी रस्ताभर हिशोब करत आले. सदतीसच्या जागी त्रेचाळीस येत असेल आणि शंभरच्या जागी शंभर, तर माझं शून्य उणे दहाच्या आसपास पडतं. आणि माझा पन्नास म्हणजे चव्वेचाळीस, फार तर पंचेचाळीस, आणि पंचावन्न म्हणजे खरे पन्नास. म्हणजे मास्तरांच्या सहाला पन्नास होते आणि दहाला पंचेचाळीस. दोन्ही वेळा त्यांचा हात बरोबर होता. घरी येऊन वही उघडली तर क्षाराचा बर्फ माझ्याच अक्षरात समोर. मिठानं बर्फ टिकत नाही. मिठानं गारठा शून्याखाली जातो, म्हणून तर आइस्क्रीम गोठतं. फॅरेनहाइटनं तसं शून्य धरलं तेव्हा त्याला ते क्षारावरचं आहे हे माहीत होतं. मी त्याच जातीचं शून्य धरून त्यावर सेल्सिअसचे शंभर भाग बसवले होते.

आजही आमच्या घरात दोन मोजपट्ट्या नांदतात. ताप फॅरेनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये. मुलगा फोनवर बघून चव्वेचाळीस म्हणतो तेव्हा मी पंखा वाढवते, आणि नातवाचं अंग एकशे एक म्हटलं की कपाळावर ठेवायला पट्टी भिजवते; मनात बदल कुठे होतो ते कळतही नाही. हे लिहिताना बाहेर ऊन आहे, वीज दोनदा गेली आहे आणि मला थकवा आला आहे. पण पुढचं लिहायचं टाळत होते, म्हणून हे मध्ये आलं.

मी आप्पांना सांगितलं. त्याच रात्री नाही. एक दिवस गेला. सकाळी शेडमध्ये ईरण्णा आणि आईसमोर सांगितलं, कारण आकडा मी त्यांच्यासमोरच वाचला होता. आप्पा भट्टीत लाकूड सारत होते. त्यांनी मला मारलं नाही. "म्हंजे मास्तरचा हात बरोबर हाय?" एवढंच विचारलं. "हो." "सहाला सहा?" "हो, आप्पा." ते लाकूड तसंच टाकून, अंगातल्या बनियनवर, मास्तरांच्या घराकडे चालत गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. येताना मास्तर बरोबर होते. ईरण्णानं कानडीत काहीतरी ओरडून दोन्ही हात वर केले. आईनं चहात साखर घातली आणि मग आठवण होऊन मास्तरांचा कप बदलला.

पाणी तापलं. आप्पा म्हणाले, "बघा, मास्तर." मास्तर टबापाशी आले. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. वाकले नाहीत.

"काच आणा नवी," ते म्हणाले. "दुकानातली. आकडे छापलेली."

"मास्तर, चूक पोरीची होती. तुमचा हात..."

"हात बरोबर हाय, म्हाइत हाय मला. उद्या न्हाय राहिला तर? परत सगळ्यांपुढं काढायचा?" ते रागानं बोलले नाहीत. दुकानदाराला रंगाचा भाव सांगावा तसं बोलले. मग मला म्हणाले, "बिड्डा, तू वाच. मी सोडतो सूत."

आप्पांनी त्या दिवशी काम थांबवलं आणि नवा तापमापक आणला. पुढे मास्तर आमच्याकडे बरीच वर्षं होते आणि छटेबद्दल एकदाही माल परत आला नाही. दर वेळी ते टबाशी येत, पाठीमागे हात बांधत आणि विचारत, "किती?" मी किंवा ईरण्णा वाचायचो. कधी कधी मी मुद्दाम उशीर करायचे, वाटायचं की न राहवून ते बोटं बुडवतील. ते वाट बघत उभे राहायचे.

दिवाळीला ते करंज्यांचा डबा घेऊन आले. ते डबा माझ्या हातात देत असताना मी पाहिलं. रंगाऱ्याच्या हाताला, नखांच्या कडांना आणि बोटांच्या पेरांना, रंगाची एक काळपट किनार कायम असते. ती धुऊन जात नाही, कारण रोज नवी चढते. मास्तरांच्या उजव्या हातावरची ती गेली होती. नखं मुळापर्यंत नवी, गुलाबी आली होती. मागे लक्ष्मीकाकू उभ्या होत्या. त्या कौतुकानं आईला म्हणाल्या, "बगा की, यंदा पहिल्यांदा ह्यांचा हात चांगला दिसायलाय." आईनं माझ्याकडे बघितलं. मास्तरांनी हात मागे घेतला नाही. मी डबा घेतला आणि वाकून नमस्कार केला.